येते म्हण

अक्षतची मुंज झाली त्या उन्हाळ्यात त्याची थोरली बहीण केया शाळेबरोबर जपानच्या अभ्यास सहलीला निघाली. अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या घराच्या दारात तिनं बॅग उचलली आणि म्हणाली, “बाय आबा, जाते.”

“जाते म्हणू नये गं. येते म्हण,” मोरेश्वर आबांनी तिला अडवलं.

“पण आबा, मी जातेच आहे ना! काही लॉजिक आहे का, यार?” असं म्हणत ती गाडीत बसलीसुद्धा. आबांना मात्र तेव्हापासून घास गोड लागेना. नात सातासमुद्रापार गेली आणि परत येण्याचा शब्द काही देऊन गेली नाही.

आठवड्यानं क्योटोहून तिचा व्हिडिओ कॉल आला. देवळं, बागा, चहाचा सोहळा, सगळं सांगून झाल्यावर ती जरा घुटमळली. “आबा, मी ज्यांच्या घरी राहते ना, ते सगळे बाहेर पडताना ‘जाऊन येतो’ असंच म्हणतात. जपानीत. मीपण रोज म्हणते.”

“आमचं नाही ऐकलंस, त्यांचं बरं ऐकलंस!” आबा हसले आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

बर्फ पडायला लागलं तेव्हा आबा हॉस्पिटलमध्ये होते. केयाचा हात धरून ते हळूच म्हणाले, “बाळा, जातो आता.”

“जातो नाही, आबा. येतो म्हण.”

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. “येतो.”

त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मोरेश्वर आबा वारले.