थंड प्लग

“हे नाही. हे गरम स्पार्क प्लग आहेत,” नरहरींनी डबी काउंटरवर परत ठेवली. “गावातल्या गावात हळू फिरणाऱ्या गाडीले हे ठीक. मले नागपूरला जायचं आहे. हायवेवर इंजिन तापते, तिथं थंड प्लगच पाहिजे.”

बूढ़ापारा मोहल्ल्यातला तो पार्ट्सवाला त्यांना ओळखत होता. “काका, ठंडे वाले तो आप अभी ले गए थे ना?”

नरहरींनी वळून बायकोकडे पाहिलं.

“माझ्याच हातून कुठंतरी ठेवल्या गेले,” शारदाबाई म्हणाल्या. “सापडून नाही राहिले.”

“असू दे, असू दे,” नरहरी मऊ आवाजात म्हणाले. मग काउंटरवर वाकून दुकानदाराला हळूच सांगितलं, “हिले आजकाल काही आठवत नाही. अशा माणसावर रागवायचं नसते.”

दुकानदाराने एकदा शारदाबाईंकडे पाहिलं आणि दुसरी डबी काढली. नरहरींनी खिशातून जुना प्लग काढून नव्याला लावून पाहिला. चुडी, म्हणजे प्लगचे आटे, तेवढीच लांब हवी. जास्त लांब असली तर पिस्टनला आपटते. दोन्ही प्लग उजेडात धरून त्यांनी मान हलवली. “हव, हाच.”

डॉक्टरांकडे ते दोघं सोबतच गेले होते. बाहेर आल्यावर जिन्यात थांबून शारदाबाईंनीच त्यांना सांगितलं होतं, “मले विसरायचा आजार झाला म्हणतात.” नरहरी जिन्यातच खाली बसले होते. त्यानंतर त्यांनी बायकोला एकटं सोडलं नाही. तरी एकदा बूढ़ा तालाबवर फिरायला गेले असताना ती हरवली. सगळं तळं पालथं घातलं, दिसेल त्याला विचारलं. शेवटी अंधार पडताना सापडली, तेव्हा ती रडत होती आणि तेही. परवा गॅस सुरूच राहिला. घरभर वास भरला.

त्यानंतर मुलगी स्नेहल नागपूरहून आली आणि तिने त्या जागेचं नाव काढलं. तिच्या घराजवळच होती, विसरायचा आजार झालेल्या माणसांना ठेवून घेणारी. नरहरी आधी भांडले. मग एवढंच म्हणाले, “भाड्याच्या गाडीत नाही नेणार. आपल्या फियाटमध्ये नेईन.”

दुपारी अंगणात त्यांनी बोनेट उघडलं. पातळ पट्टी घालून एकेका प्लगचा गॅप पाहिला, हाताने फिरवून प्लग बसवला, मग पान्याने हलकासा आवळला. स्नेहलने चोक ओढून सेल्फ मारला. गाडी दोनदा खोकली आणि मग चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले.

“पाहिलं?” ते लहान मुलासारखे हसले. मग हसू ओसरलं. फडक्याला हात पुसत म्हणाले, “पोरी, मले पटून नाही राहिलं. तिथं एकटं वाटंल.”

“वाटेल, बाबा,” स्नेहल म्हणाली. “पण मी रोज जाईन.”

“मीच सांभाळलं असतं. पन मी आता किती दिवसांचा?”

स्नेहल गाडीची चावी काढून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. “तुम्ही इंजिनाचा आवाज ऐका, मी चालवते,” स्नेहल म्हणाली आणि नरहरींना ते पटलं. नवे प्लग होते, कान ठेवायलाच हवा. दुर्ग गेलं, राजनांदगाव गेलं. गाडी कुठे अडखळली नाही. प्रत्येक चढाला ते मागे वळून शारदाबाईंना सांगायचे, “पाहा, एकही ठोका चुकत नाही, मिसिंग नाही.” त्या मान हलवायच्या.

देवरीजवळच्या ढाब्यावर चहाला थांबले. नरहरींनी बायकोचा चहा बशीत ओतून फुंकर घातली आणि तिच्यापुढे सरकवला.

“घाबरू नको. मी दर रविवारी येईन.”

“याल ना?”

“नाही तर काय! फियाट घेऊन येईन.”

शारदाबाईंनी बशी उचलली, पण ओठाला लावली नाही. “भेटायला आल्यावर ओळखलंच नाही, तर?”

“तर नाव सांगायचं. मी नरहरी, तू शारदा. पुन्हा पहिल्यापासून.” त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. “तू विसरली तरी मी नाही विसरत तुले.”

स्नेहल उठून गाडीकडे गेली. टायरमधली हवा तपासल्यासारखी बराच वेळ वाकून राहिली.

ती जागा नागपुरात शिरतानाच लागली. आवारात कडुनिंबाची झाडं, त्यांखाली बाकं. एका बाकावर एक म्हातारे गृहस्थ स्वतःशीच गाणं म्हणत होते. नरहरींनी जागा नीट न्याहाळली. स्वच्छ होती. त्यांना थोडं बरं वाटलं.

शारदाबाई बॅग घेऊन उतरल्या. नरहरींनी त्यांचा हात घट्ट धरला, पायऱ्या चढताना जपून चढवलं. “चल. मी आहे ना.” शारदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नरहरींनी ते तिच्याच पदराने पुसलं, “रडू नको, येडी,” म्हणाले आणि स्वतःच रडू लागले.

आतून एक तरुण हसतमुखाने बाहेर आला. स्नेहलला त्याने नमस्कार केला. शारदाबाईंनी बॅग त्याच्याकडे दिली, पण नरहरींचा हात त्यांना सोडवेना. मग त्याने नरहरींचे मनगट अलगद आपल्या हातात घेतले आणि म्हणाला, “चला काका, तुमची खोली दाखवतो.”