नडगीवरच्या गाठी

"मल्लखांब आता बंद," आई म्हणाली. नऊ वर्षांच्या मृण्मयीच्या दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या होत्या. दोर घासून झालं असेल म्हणून घरी एरंडेल चोळलं, तर ती आणखीच कळवळली.

गल्लीतल्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टर आजोबांनी एक गाठ हलकेच दाबली. "दोराचे वळ लांबट असतात, या गोल आणि गरम आहेत. अशा गाठी कधी घशाच्या, तर कधी क्षयाच्या जंतूंमुळे उठतात. कारण आत कुठेतरी आहे, ते शोधूया." घसा ठीक होता, पण हातावर क्षयाची चाचणी टोचलेली जागा तिसऱ्या दिवशी टणक फुगली.

"घरात कोण खोकतं?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही," आई म्हणाली.

"आमचे मल्लखांबाचे सर खोकतात," मृण्मयी म्हणाली. "मॅटची धूळ, म्हणतात."

सरांच्या तपासणीत क्षयच निघाला. दोघांचीही औषधं सुरू झाली, गाठी विरू लागल्या.

"म्हणजे सरांचा आजार माझ्या पायांनी सांगितला?" मृण्मयीनं विचारलं.

"हो, आणि वेळेवर," आजोबा हसले.

"बरी झालीस की चढ दोरावर," आई म्हणाली. "तोवर सरांनी गोळी घेतली का, ते रोज फोन करून तूच विचारायचं."