बोरिंगचं चांगलं पाणी

गावोगावच्या पाण्याचे नमुने तपासणीला नेणं हे माझं काम. एटापल्लीपलीकडच्या त्या वीस-पंचवीस घरांच्या टोल्यावर सहा वर्षांनी गेलो, तर भागीरथाबाईंनी अंगणात बाज टाकली आणि तांब्याभर पाणी आणून दिलं.

“आधी आम्ही नाल्यातल्या रेतीत झिरा खोदून पाणी भरत होतो, भाऊ. मंग तुम्ही बोरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट आणून देला, पाणी चांगलं हाये म्हणून. तवापासून झिऱ्यावर कोणी जात नाई.”

तो रिपोर्ट शाळेच्या भिंतीवर अजून चिकटलेला होता. खाली माझीच सही.

त्यांची नात उर्वशी दाराशी उभी होती. मी नाव विचारलं, तर तिनं तोंडावर हात धरूनच सांगितलं.

“कोणासमोर हसत नाई,” भागीरथाबाई म्हणाल्या. “दात पार तपकिरी पडले. इथल्या साऱ्याच लेकरायचे तसे हायेत. तिच्या भावाचे तर पाय वाकडे होऊन राह्यले. पाणी एवढं चांगलं हाये, मंग हे काऊन होऊन राह्यलं?”

मी तांब्या तसाच खाली ठेवला, थैलीतून रिकामी बाटली काढली आणि बोरिंगकडे निघालो.

“आता पुन्हा काऊन, भाऊ? मागच्या वेळी नेलं होतं ना तुम्ही इथलं पाणी?”



मागच्या वेळी नाल्याला पूर होता. मी अलीकडूनच परत फिरलो होतो आणि बाटली माझ्या घरच्या नळाखाली भरली होती.