कृपया थांबा

तेजलने लॅपटॉप चंद्रप्रकाशांकडे वळवला. "काका, जुनं आजपासून बंद. आता यात लिहायचं."

वेबदैनिकाचं लिहिणं, तपासणं, वाचणं सगळं आजवर एकाच ठिकाणी चाले. गेल्या महिन्यात कुणीतरी भलेमोठे फोटो चढवले आणि वाचकांची साइटही दोन दिवस आडवी झाली. म्हणून त्याची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या तेजलने तीन तुकडे केले. लेखकांचं ॲप वेगळं, तपासनिसांचं वेगळं, वाचकांची साइट वेगळी. एक पडलं तरी बाकीची चालू. तोटाही तिने लपवला नाही. या ॲपमधून त्या ॲपमधलं काही दिसणार नव्हतं.

चंद्रप्रकाशांना पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

ते रोज एक छोटं सदर लिहीत. दुपारी चारला मालनताई मानखुर्दला ते तपासायला उघडत, आणि इथे बोरिवलीत त्यांच्या पडद्यावर पिवळी पट्टी येई : 'मालन हा लेख तपासत आहेत. कृपया थांबा.' मग एक अक्षर टाइप होत नसे. ते थांबत. कधी वीस मिनिटं, कधी साध्या चारशे शब्दांना तासभर. लेख इतका वाईट असतो, की वेळ लागण्याचं कारण आणखी काही आहे, हे विचारायचं धाडस पाच वर्षांत झालं नव्हतं. भेटही झाली नव्हती.

"ती पट्टी?"

"पिवळी? गेली. कसली कटकट होती ना ती. आता कुणाला कुणासाठी थांबायला नको."

"आत कोण आहे, एवढं तरी दिसेल का?" त्यांनी विचारलं आणि लगेच चष्मा पुसायला घेतला.

तेजल हसली. "तुम्हा दोघांचं काय आहे? मालनमावशींनी पण सकाळी हेच विचारलं. मी म्हटलं, हवं तर जोडून देते, पण मग दोन्ही ॲप परत एकमेकांत अडकणार. तर म्हणाल्या, नको गं, सहज विचारलं."

चंद्रप्रकाश बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मीही सहजच," ते म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी नवं ॲप उघडलं. कोऱ्या पानावर कर्सर लुकलुकत होता. दोन ओळी झाल्या, तिसरी अर्ध्यावर आली, आणि चार वाजले.

त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलले आणि मांडीवर ठेवले.