गुलाबी कूलंट

"भाऊ, या रेडिएटरचे सांधे शिशाचे आहेत. त्याला आपलं जुनं हिरवं कूलंटच मानवतं," धुरीकाका म्हणाले. वीस वर्षं आमच्या भातगिरणीचं डिझेल इंजिन तेच सांभाळत होते. पण इंजिनिअर मी होतो. 'पाच वर्षं गंज नाही' असं डब्यावर छापलेलं महागडं गुलाबी कूलंट मी स्वतः ओतलं.

ऐन सुगीत सांधे गळू लागले आणि गिरणी बंद पडली. भात घेऊन आलेल्या बायका खोळंबल्या. "चूक माझी झाली," काका त्यांना म्हणाले आणि रेडिएटर खोलायला बसले. मी शेजारी उभा राहून त्यांना पाना दिला. माझ्या डिग्रीला तेवढंच जमलं.

शेवटी मलाच राहवेना. "कूलंट मी निवडलं होतं," मी बायकांना सांगितलं.

"ठाऊक आहे," एक जण म्हणाली. "तुमचं चुकलं की ते दर वेळी असंच म्हणतात."