हृदयाच्या चिपचा तास

देवस्थळी मॅडम फळ्यावर हृदयाला ठोके देणाऱ्या चिपची आकृती काढत होत्या, तेवढ्यात वर्गातला पडदा लाल झाला. ही चिप बनवणारा शेवटचा कारखाना बंद पडल्याची सूचना त्यावर झळकली. एखाद्या कामाच्या नोकऱ्या संपल्या की त्या कामाचा धडाही संपायचा, विद्यापीठाचा तसा नियमच होता. मुलं मुकाट्याने उठून गेली. शाहीन मुजावर तेवढी बसून राहिली.

"अगं, बंद झालेल्या तासाला थांबलीस तर प्रवेश रद्द होईल तुझा."

"अम्मीच्या छातीत हीच चिप आहे, मॅडम. उद्या ती बिघडली, तर कोण बघणार?"

मॅडमनी खडू उचलला आणि उरलेली आकृती काढायला घेतली. मागे शाहीनचा फोन वाजला, तसा त्यांचा हात थबकला.

"गेला प्रवेश," डोळे पुसत शाहीन म्हणाली. "तुम्ही सांगा पुढे."