नऊ ते अकराचा पहारा

अकरा वाजून दहा मिनिटं झाली तरी काळूराम आला नाही. अविनाशच्या गळ्यात वीणा होती, बोट तारेवर फिरत होतं, मुखात रामकृष्णहरी होतं आणि डोळे मात्र मांडवाच्या दारात अडकले होते. नामाला घाई नसते. घाई माणसाला असते, आणि आज ती अविनाशच्या पोटऱ्यांत उतरली होती.

कोन गावच्या रस्त्यालगतच्या या मैदानात बावन्न वर्षं सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, तेव्हाच पहिला सुटतो. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत नामावाचून दुसरा शब्द काढायचा नाही, ही इथली रीत. अविनाश राहायला नवीन पनवेलला, नोकरीला नियोजन कार्यालयात. तीन वर्षांपूर्वी कीर्तनाच्या ओढीने इथे आला आणि नऊ ते अकराचा पहारा त्याचाच होऊन बसला.

आज बारा वाजता त्याच्याच कार्यालयात या मैदानाचा निकाल लागायचा होता. इथे बिझनेस पार्क उठायचं होतं. जुन्या अहवालात ‘मोकळी, वापरात नसलेली जागा’ असं लिहून कुणीतरी हात झटकले होते. अविनाशने पंधरा दिवसांपूर्वी टेप लावून मैदान पुन्हा मोजलं, जुने फोटो आणि परवानग्या गोळा केल्या, नवा अहवाल लिहिला. तो वाचून त्याच्या वरिष्ठ, अरुंधती मॅडम, दार लोटून घेत म्हणाल्या होत्या, “नुसता कागद ढिगाखाली जाईल. बाराला स्वतः कमिटीपुढे उभे राहा. तुम्ही बोललात तर फाइल थांबेल. पण तोवर गावात चकार शब्द नको. आधी फुटलं तर तुमची बदली माझ्याच सहीने होईल.”

त्याने चकार शब्द काढला नव्हता. काल संध्याकाळी काळूरामने विचारलं, “मोजनी तुमीच केली सायेब. उद्या मीटिंगलापन तुमीच का?”

“जावंच लागतं,” अविनाश म्हणाला होता. “निर्णय वरचे घेतात.”

काळूराम हसून ‘बराय’ म्हणाला होता. अकरानंतरचा पहारा त्याचा.

साडेअकरा झाले. कार्यालय मोटारसायकलवर पंधरा मिनिटांवर. अविनाशने मिथुनकडे बघून मान वीणेकडे झुकवली. मिथुन पखवाजाला कणीक लावत होता. त्याने पांढरे हात वर केले.

“हात भरलेत सायेब. ऑफिसला जायाचं ना? कलतंय आमाला. जरा दम धरा.” आणि एका पखवाजाला पुरून उरेल एवढी कणीक त्याने पुन्हा मळायला घेतली.

शेजारच्या टाळकऱ्याने विचारायच्या आधीच सांगितलं, “मला सुतक हाय,” आणि टाळ वाजवत राहिला. तिसरा बिनआंघोळीचा निघाला. चौथ्याची पाठ धरली होती.

पावणेबाराला कृष्णाबाईच्या पिशवीत अविनाशचा फोन वाजला. पहाऱ्याला उभा राहताना तो तिच्याकडेच ठेवायचा. म्हातारीने तीन वर्षं त्याला लेकासारखं जेवू घातलं होतं. त्याने डोळ्यांनी विनवलं. तिने पिशवीचं तोंड आवळलं.

“वाजूंदे. बायांचा पहारा तीनला, नायतर मीच घेतली असती रं.” तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, पाण्याचा पेला ओठांना लावला. पदराला बुक्क्याचा वास होता.

बाराला दहा कमी. समोर देवाच्या चौरंगाशी एक रिकामी खुर्ची होती, वर धुतलेलं धोतर अंथरलेलं. ठेवावी त्यावर आणि पळावं. देव काय, रागावणार नाही. त्याने याहून मोठे अपराध पोटात घातलेत. अविनाश दोन पावलं पुढे गेला. मांडवातले सगळे टाळ एकदम थांबले.

त्या शांततेत त्याला आपलंच पाठ केलेलं वाक्य आठवलं. कमिटीपुढे तो हेच तर सांगणार होता: या जमिनीवर बावन्न वर्षांत सप्ताहाची वीणा एकदाही खाली ठेवलेली नाही. ते खरं ठेवायचं तर जाता येत नव्हतं, आणि जायचं तर ते खरं राहत नव्हतं.

तो मागे सरला. टाळ पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात.

बारा वाजले. फोन वाजला. बारा दहाला पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. अविनाशचे ओठ नाम घेत होते, पण आवाज कधीच बसला होता.

पाऊणला काळूराम आला. आंघोळ करून, गंध लावून, धुतलेल्या सदऱ्यात. धापबीप काही नाही. त्याला बघून कृष्णाबाईने पिशवीतून फोन काढला आणि स्वतःहून अविनाशच्या डोळ्यांसमोर धरला. मॅडमचा निरोप होता. ‘शेवटपर्यंत वाट पाहिली. कुणीच बोललं नाही, म्हणून जुना अहवाल धरला. जागा पार्कला दिली.’

“काय लिवलंय रं?” तिने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि त्याच्या गळ्यात अजून वीणा होती.

काळूराम वाकला. अविनाशच्या दोन्ही पायांना हात लावून तसाच थांबला. वर बघितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“माफी करा सायेब, आमी सगल्यांनी मिलून तुमाला हितं अडकवला,” तो म्हणाला. “तुमी त्या मीटिंगला पोचला असता, तर हे मैदान आज गेलंच असतं.”